हात कापतो, पण केव्हा?

बँकेत माणसाची ओळख म्हणजे त्याची सही. चेहरा ओळखीचा असो, तीन पिढ्यांचा घरोबा असो, पैसे मिळतात ते सही जुळली तरच. खातं उघडताना माणूस नमुना सहीच्या कार्डावर झोकात सही ठोकतो आणि विसरून जातो. बँक विसरत नाही. पंधरा-वीस वर्षांनी विड्रॉल स्लिप टेबलावर आली, की ऑफिसर ते जुनं कार्ड काढतो आणि दोन्ही सह्या शेजारी शेजारी धरून पाहतो. नोकरीची तीस-बत्तीस वर्षं मी हे काम केलं. माणसांबरोबर त्यांच्या सह्याही थकताना पाहिल्या.

सही बिघडण्याच्या ढोबळ दोन तऱ्हा असतात. एका तऱ्हेत सही आक्रसत जाते. पहिलं अक्षर धड असतं, दुसरं त्याहून लहान, आणि आडनावापर्यंत पोचेस्तोवर मुंग्यांची रांग. दुसऱ्या तऱ्हेत आकार तोच राहतो, कधी थोडा मोठाही होतो, पण रेघ सरळ येत नाही. शिरोरेघ करवतीच्या दात्यांसारखी दिसते.

पहिल्या तऱ्हेची सही म्हटली, की मला एका तालुक्याच्या शाखेत पेन्शन घ्यायला येणारे चित्रकलेचे एक मास्तर आठवतात. आयुष्यभर फळ्यावर हातभर लांबीच्या रेघा मारलेला माणूस, पण सही मोहरीएवढी झालेली. टोकन घेऊन बाकावर बसले, की त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर असा फिरायचा, की शेजारच्याला वाटावं, मास्तर माळ ओढताहेत. गंमत म्हणजे पेन हातात घेतलं, की ते फिरणं थांबायचं. हात स्थिर, पण अक्षर बारीक.

दुसऱ्या तऱ्हेची सही एका किराणा दुकानदाराची होती. वय पंचेचाळीसच्या आत-बाहेर. बाकावर बसलेला असताना त्याचे हात मांडीवर अगदी शांत असायचे. पेन कागदाला टेकलं, की थरथर सुरू. मागे रांग असली, की ती वाढायची. रांगेतला एखादा हटकून पुटपुटायचा, ‘सकाळी सकाळीच घेतलेली दिसते!’ त्या माणसाच्या गळ्यात तुळशीची माळ होती. थेंबाला न शिवणारा वारकरी. त्याच्या वडिलांचे हातही असेच कापायचे, आणि चुलत्याचेही.

काउंटरवर दोघांना उत्तर एकच मिळायचं, ‘सही जुळत नाही.’ गावानंही दोघांच्या दुखण्याला एकच नाव ठेवलं होतं, कंपवात. वास्तविक ही दोन निराळी दुखणी. त्यांची औषधं निराळी, पुढची वाटचाल निराळी, घरच्यांनी घ्यायची काळजीही निराळी. निवृत्तीनंतर या विषयावर पुष्कळ वाचलं, डॉक्टरमंडळींशी बोललो, तेव्हा एक गोष्ट मनाशी पक्की झाली. ‘हात कापतो का?’ एवढा प्रश्न पुरत नाही. ‘हात कापतो केव्हा?’ असं विचारावं लागतं. आणि याचं उत्तर डॉक्टरांपेक्षा घरच्या माणसांना जास्त चांगलं देता येतं, कारण रुग्णाला दिवसभर पाहणारी तीच असतात.

रिकामा हात आणि भरला हात

आजोबा टीव्हीपुढे बसले आहेत, हात मांडीवर सैल पडले आहेत, आणि त्यांतला एकच हात सेकंदाला चार ते सहा वेळा या लयीत हलतो आहे. तो पुढे करून त्यांनी पेला उचलला, की हलणं कमी होतं किंवा थांबतं. चालताना तोच हात पुन्हा कापू लागतो. ही विश्रांतीतली थरथर. तिच्यामागे बहुधा पार्किन्सनचा आजार असतो.

आजींचं उलट आहे. हात रिकामा असताना तो निवांत आहे. कपबशी उचलली, की बशीवर कप वाजू लागतो. आचमनाची पळी तोंडापर्यंत येईतो अर्धी रिकामी होते. आरतीच्या वेळी ताम्हणातलं निरांजन वाऱ्याशिवाय हलतं. सुईत दोरा जात नाही, रांगोळीची रेघ डळमळते. थरथर दोन्ही हातांना असते, कधी एकीकडे जरा जास्त. मानही ‘नाही नाही’ म्हटल्यासारखी हलते, आवाजात कंप येतो. ही कामातली थरथर. तिचं सर्वांत सामान्य रूप म्हणजे ज्याला डॉक्टर ‘इसेन्शियल ट्रेमर’ म्हणतात ते. पुष्कळदा ते घराण्यातून येतं. पार्किन्सनपेक्षा हे दुखणं कितीतरी अधिक लोकांना असतं, पण त्याचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं.

हॉलिवूडची थोर अभिनेत्री कॅथरीन हेपबर्न हिच्या मानेला आणि आवाजाला अशीच थरथर होती. जगानं तिला पार्किन्सन झाल्याचं परस्पर ठरवून टाकलं. हे आपल्याला आजोबांकडून आलं आहे, असं ती सांगत राहिली. याउलट १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये महंमद अली ज्योत पेटवायला उभा राहिला, तेव्हा त्याचा रिकामा डावा हात लटलट कापत होता. त्याला पार्किन्सन असल्याचं १९८४ सालीच निदान झालं होतं. ज्यांनी ते दृश्य टीव्हीवर पाहिलं, त्यांना विश्रांतीतली थरथर वेगळी समजावून सांगायला नको.

घरच्या घरी करण्यासारख्या दोन-तीन गोष्टी आहेत. माणसाला खुर्चीत बसवून हात मांडीवर सैल सोडायला सांगावेत आणि शंभरापासून उलटे आकडे म्हणायला लावावेत. मन गुंतलं, की विश्रांतीतली थरथर उघडी पडते. मग दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगावेत. शेवटी कोऱ्या कागदावर आतून बाहेर जाणारं जिलबीसारखं वेटोळं काढायला सांगावं आणि त्याखाली एकच वाक्य चार-पाच वेळा लिहवून घ्यावं. वेटोळ्याची रेघ दातेरी आली, की कामातली थरथर. ओळीगणिक अक्षर लहान होत गेलं, तर पार्किन्सनची शंका. अर्थात ही झाली शंका. निदान डॉक्टरांनी करायचं.

थरथरीपलीकडचा पार्किन्सन

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरानं १८१७ साली ‘थरथरत्या लकव्या’वर एक छोटा निबंध लिहिला. त्यात सहा रुग्णांची हकिकत होती, आणि त्यांतले काही तर त्याला रस्त्यातच दिसलेले होते! दवाखान्यात तपासणं दूरच, केवळ चालणं-उभं राहणं पाहून या माणसानं रोगाचं चित्र रेखाटलं. पुढे पॅरिसच्या शार्कोनं या आजाराला पार्किन्सनचं नाव दिलं. ‘थरथरता लकवा’ हे नाव त्याला पसंत नव्हतं, कारण सगळेच रुग्ण थरथरत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

ही गोष्ट आजही घराघरात ठाऊक असायला हवी. पार्किन्सनच्या सुरुवातीला थरथर दिसते ती सुमारे सत्तर टक्के रुग्णांत. उरलेल्यांचा हात कापतच नाही. त्यांच्या हालचाली मंदावतात. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. चालताना एक हात झुलत नाही, अंगाला चिकटून राहतो. चेहऱ्यावरचे भाव ओसरतात, आवाज खाली जातो, आणि सून म्हणते, ‘मामंजी हल्ली रागावलेले असतात.’ खांदा आखडतो आणि महिनोन् महिने फ्रोझन शोल्डर म्हणून शेक चालतो. कित्येकांच्या बाबतीत त्याच्याही आधी काही वर्षं वास येईनासा झालेला असतो, बद्धकोष्ठ जडलेलं असतं, झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं सुरू झालेलं असतं. यांतली एकेक गोष्ट कुणालाही असू शकते; तेवढ्यानं घाबरून जाऊ नये. चार गोष्टी एकत्र आल्या आणि त्या शरीराच्या एकाच बाजूनं सुरू झाल्या, तर मात्र ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये.

आणि हा फक्त म्हाताऱ्यांचा आजार आहे असंही नाही. अमेरिकन नट मायकेल जे. फॉक्स याच्या डाव्या हाताची करंगळी फडफडू लागली तेव्हा तो तिशीच्याही आत होता. १९९१ साली निदान झालं आणि ते त्यानं लोकांपासून सात वर्षं लपवून ठेवलं.

मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक पट्टा असतो. त्या पेशी डोपामिन नावाचं द्रव्य तयार करतात. या पेशी झिजत गेल्या, की हा आजार होतो. १९६०च्या दशकात लेव्होडोपा हे औषध आलं. ते मेंदूत जाऊन डोपामिन बनतं. खाजकुइलीच्या बियांत, म्हणजे आपल्या कवचबीजात, हेच द्रव्य असतं आणि १९३७ साली भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं होतं. म्हणून कुणी घरी ती पूड खाऊ-खिलवू लागेल तर ते घातक. डोस कळत नाही, आणि डॉक्टरांच्या गोळ्यांत त्याची भर पडते.

लेव्होडोपा घेणाऱ्यांच्या घरी एक गोंधळ हमखास होतो. काही वर्षांनी, गोळीचा अंमल चढला, की माणसाचं अंग झुलू लागतं. मान, खांदे, पाय वेडेवाकडे हलतात. घरच्यांना वाटतं, आजार बळावला. ही हालचाल पुष्कळदा औषधाची असते. थरथरीची लय ठरलेली असते. या झुलण्याला लय नसते. अशा वेळी घाबरून गोळ्या एकदम बंद करणं धोक्याचं. गोळी किती वाजता घेतली, झुलणं किती वाजता आलं, आखडणं किती वाजता आलं, हे आठवडाभर वहीत लिहून ती डॉक्टरांपुढे ठेवावी. गोळीची वेळ घड्याळाप्रमाणे पाळावी आणि ती डाळी-उसळी, दूध-अंडी अशा प्रथिनांच्या जेवणाबरोबर न देता अर्धा-पाऊण तास आधी द्यावी, म्हणजे ती नीट लागू पडते. नुसत्या गोळ्यांनी भागेनासं झालं, तर निवडक रुग्णांना मेंदूत बारीक तार बसवून विजेचे सौम्य स्पंद देण्याची शस्त्रक्रिया उपयोगी पडते.

कामातल्या थरथरीला प्रोप्रॅनोलॉलसारखी स्वस्त औषधं आहेत. दम्याच्या रोग्याला ते चालत नाही, म्हणून परस्पर घेऊ नये. ही थरथर दारूच्या घोटानं तात्पुरती थांबते, हेही खरं आहे, आणि त्यातच खड्डा आहे. माळकरी दुकानदारावर दारूचा आळ आला. दुसऱ्या कुणाला ‘औषध’ म्हणून तिचीच सवय लागते.

औषधाची पिशवी आधी उघडा

हात कापू लागला, की आधी घरातली औषधांची पिशवी टेबलावर उपडी करावी. चक्कर येते म्हणून कधीकाळी लिहून दिलेल्या सिनॅरिझिन, फ्लुनॅरिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिनच्या गोळ्या, उलटीसाठीची मेटोक्लोप्रमाइड, मानसिक आजारावरची काही औषधं, ही महिनोन् महिने घेतली तर हुबेहूब पार्किन्सनसारखं रूप येतं. आपल्याकडे चिठ्ठी जुनी झाली तरी केमिस्टकडून गोळ्या येतच राहतात. डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्या बंद केल्या, की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बहुतेकांना आराम पडतो. दम्याचं साल्ब्युटामॉल, फिट्सचं व्हॅल्प्रोएट, लिथियम यांनी हाताला बारीक कंप सुटतो.

थायरॉइड वाढलं, की बोटं तारेसारखी थरथरतात. पसरलेल्या हातावर कागद ठेवला, की तो फडफडताना दिसतो. वजन घटतं, छाती धडधडते. रक्ताच्या एका तपासणीनं हे कळतं. मधुमेह्याला अचानक कापरं भरलं, घाम फुटला, भूक खवळली, तर साखर उतरलेली असण्याचा संभव मोठा. आधी साखर-पाणी, मग चर्चा. त्याच मधुमेह्याची साखर फार चढली, तर कधी शरीराच्या एका बाजूचा हात-पाय आपोआप झुगारल्यासारखा उडू लागतो. यकृत थकलेल्या रोग्याला रहदारी थांबवणाऱ्या पोलिसासारखे पंजे पुढे धरायला सांगितलं, की ते पंखासारखे फडकन खाली पडतात. या शेवटच्या दोन गोष्टी दिसल्या, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावं.

मुलांच्या बाबतीत मार देण्याआधी

सर्वांत जास्त अन्याय होतो तो मुलांवर. चौथी-पाचवीतल्या मुलीचं अक्षर एकाएकी बिघडतं, हातातून वाटी पडते, ती सारखी चुळबुळ करते, तोंड वेंगाडते. शाळेत छडी, घरी धपाटा. कुणी म्हणतं नखरे, कुणी म्हणतं करणी. घसा सुजून गेल्यावर काही आठवड्यांनी-महिन्यांनी येणारा हा एक आजार असतो. सिडनहॅम या इंग्रज वैद्यानं १६८६ साली तो वर्णिला. डॉक्टर मुलीला आपली दोन बोटं घट्ट धरायला सांगतात. तिची मूठ आवळते-सुटते, आवळते-सुटते, जणू ती गाईची धार काढते आहे. बाहेर काढलेली जीभ तिला बाहेर ठेवता येत नाही. हा आजार बहुधा बरा होतो, पण तोच ताप हृदयाच्या झडपा खराब करून जातो. म्हणून हृदयाची तपासणी आणि पेनिसिलिन टळता कामा नये.

दहा ते तीस या वयातल्या मुलामुलींचा हात कापू लागला, बोलणं बोबडं झालं, लाळ गळू लागली, अभ्यासात घसरण झाली, पूर्वी कावीळ होऊन गेली असेल, तर विल्सनचा आजार नाही ना, हे पाहावंच. यात यकृताला तांबं बाहेर टाकता येत नाही आणि ते मेंदूत साठतं. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यानं हा आजार होत नाही. तो आईवडिलांकडून वारशानं येतो. म्हणून सख्ख्या भावंडांचीही तपासणी करावी. कंपाच्या आजारांत वेळेवर औषध सुरू केलं तर आयुष्य वाचवता येतं असा हा आजार आहे. उशीर झाला तर गेलेलं सगळं परत येत नाही.

डोळे मिचकावणं, नाक ओढणं, खांदा उडवणं अशा लकबी पुष्कळ मुलांना काही काळ असतात. मूल त्या क्षणभर दाबून धरू शकतं, म्हणून मोठ्यांना ते मुद्दाम करतं असं वाटतं. रागावलं, की त्या वाढतात.

आमच्या कारकुनी पेशालाही स्वतःचं असं एक दुखणं आहे. पेन धरलं, की बोटं पिळवटतात, मनगट वळतं. तोच हात भाकरी थापतो, स्वेटर विणतो. याला लेखणीचा पेटका म्हणावं. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या लेखनिकांत तो डॉक्टरांना दिसला होता. हे सोंगही नव्हे आणि कामचुकारपणाही नव्हे. यावर आता बोटुलिनमचं इंजेक्शन देतात.

डॉक्टरकडे जाताना

मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाकडे जावं. पार्किन्सनचं निदान बहुतांशी पाहून-तपासूनच होतं. एमआरआय पुष्कळदा साधाच येतो, म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ यावर समाधान मानू नये. मोबाइलवर घरच्या हालचालींचं दोन मिनिटांचं चित्रण करून न्यावं, कारण डॉक्टरांपुढे हात शहाण्यासारखा वागतो. दहा वर्षांपूर्वीचं एखादं पत्र किंवा जुन्या सहीचा कागद न्यावा. घराण्यात कुणाला होतं का, हे आठवून ठेवावं. निदान झालेल्यांनी एकटं पडू नये. मुंबई-पुण्यात पार्किन्सनच्या रुग्णांचे आणि त्यांच्या कुटुंबीयांचे मदतगट काम करतात. २०१६च्या अपंगांविषयीच्या कायद्यात पार्किन्सनचा समावेश झालेला आहे, तेव्हा प्रमाणपत्राची चौकशी करावी.

आता माझ्या जुन्या खात्याविषयी. सही जमत नाही म्हणून कुणाचे पैसे अडून राहावेत, असं रिझर्व्ह बँकेला मुळीच अभिप्रेत नाही. आजारी, वृद्ध, असमर्थ खातेदाराच्या हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो; बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. सत्तरीपुढच्यांना आणि अपंगांना मूलभूत सेवा घरपोच द्याव्यात, असं २०१७ साली बँकांना कळवलेलं आहे. हयातीचा दाखला २०१४पासून घरबसल्याही देता येतो. काउंटरवर कुणी ‘पुन्हा सही करा’ म्हणालं, तर शाखाधिकाऱ्यांना भेटून हे नम्रपणे सांगावं, आणि बदललेल्या सहीचा नवा नमुना वेळीच देऊन ठेवावा.

थरथर कोणतीही असो, लोक बघताहेत या जाणिवेनं ती वाढते. म्हणून लग्नकार्यात कापऱ्या हाताचा माणूस पंगतीला बसत नाही, हळूहळू घराबाहेर पडेनासा होतो. आजार राहतो बाजूला, आणि त्याला कोंडून घालते ती आपली नजर. अशा माणसाचा हात धरून सही करवू नये, त्याला वेळ द्यावा. बटणांऐवजी झटकन लागणारे बंद लावून द्यावेत. पेन जाड द्यावं, चमचा जड द्यावा. आणि चहा देताना कप अर्धाच भरावा. उरलेला अर्धा मागाहून, न बोलता.